मदत हवी आहे: सोसायटीतल्या मांजरींची नसबंदी, एक भाटी हाती लागत नाहीये

नमस्कार मंडळी, डोंबिवली पूर्वेला राहतो. आमच्या पार्किंगमध्ये सध्या सात मांजरं आहेत: तीन भाट्या, दोन बोके, दोन पिल्लं. दोन भाट्या आणि एक बोका यांची नसबंदी झाली, कानाचं टोक कापून खूणही केलीय. अडलंय ते तिसरीपाशी. करड्या रंगाची, भयंकर हुशार. पिंजऱ्यात बांगड्याचा तुकडा ठेवला की दारात बसून माझ्याकडेच बघते! दोनदा दुसरंच मांजर अडकलं, तेही आधीच ऑपरेशन झालेलं.

तिची पिल्लं साधारण सहा आठवड्यांची आहेत, अजून पितात. दूध पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते, म्हणून धाकधूक आहे. पण आत्ताच नेली तर पिल्लांचं काय? किती दिवस थांबावं?

शिवाय टाके भरेपर्यंत तिला कुठे ठेवायचं? माझ्या बाथरूममध्ये ठेवेन, पण आईला दमा आहे.

कमिटीतले काका म्हणतात, 'पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडा.' त्यांना सांगून थकलो की खाणं इथे आहे तोवर नवे बोके येतच राहणार.

डोंबिवली-कल्याण-ठाणे पट्ट्यात वरून दार पाडता येणारा पिंजरा कुणी चार दिवस उसना देईल का? आणि भटक्या मांजरींची ऑपरेशनं रास्त दरात करणारे डॉक्टर माहीत असतील तर कृपया सांगा.