मदत हवी आहे: थायलंडच्या ईशान्येकडच्या इसान भागातला मोरलाम (तिथलं पारंपरिक लोकगायन) प्रत्यक्ष कुठे ऐकता येईल?

थायलंडमध्ये राहणाऱ्या मंडळींना विचारतेय. पर्यटकांसाठी बसवलेला नको, देवळाच्या जत्रेत रात्रभर रंगणारा मोरलाम ऐकायचाय. ऊसतोड करत वाढलेली, लिहिता-वाचता न येणारी गायिका पुमपुआंग दुआंगचान गाणी तोंडपाठ करून लूक थुंगची, म्हणजे थाई खेड्यापाड्यातल्या लोकप्रिय गाण्यांची, राणी झाली. १९९२ मध्ये ती गेली, पण कष्टकरी बायांना ती आजही आपलीच वाटते, हे मला फार मोलाचं वाटतं. मोरलाम आणि लूक थुंगच्या मंचांपुढे बाया कामाचा शीण विसरून नाचतात, गायिकेच्या गळ्यात नोटा लावलेले हार घालतात. मला त्यांच्याशीच बोलायचंय. बँकॉकमधल्या इसानी कामगार बायका कुठल्या कार्यक्रमांना जातात? थाई न येणारी बाई एकटी गेली तर चालेल का? कुणी दुभाषी बाई सुचवाल का?