मदत हवी आहे: क्लोझापाइनने आवाज थांबले, पण आता हात धुणं थांबत नाही (नागपूर)

ओंजळ:
नमस्कार. धाकट्या भावाला (वय 29) स्किझोफ्रेनिया आहे. दोन औषधांनी गुण आला नाही म्हणून ऑक्टोबरपासून क्लोझापाइन चालू आहे, सध्या रात्री 350 मिलिग्रॅम. कानात ऐकू येणारे आवाज जवळजवळ बंद झालेत. पण फेब्रुवारीपासून हात धुणं आणि गॅसचं बटण तपासणं सुरू झालंय. एकेका वेळी पाऊण तास नळाखाली असतो, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडून रक्त येतं. "गॅस बंद आहे ना?" हे दिवसातून वीसदा विचारतो. संक्रांतीपासून बिडी सोडून खर्ऱ्यावर (चघळायची सुपारी-तंबाखू) आलाय, तेवढं एक बरं झालं. नातेवाईक म्हणतात औषध बंद करा. मूळ आजार वाढलाय की हे वेगळं आहे? पुढच्या आठवड्यात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत जायचंय, काय विचारू?

निंबोणी:
ताई, औषध तुमच्या मनाने अजिबात बंद करू नका. क्लोझापाइन एकदम तोडलं तर आवाज फार लवकर आणि जोरात परततात, शिवाय घाम, मळमळ, बेचैनी वेगळीच. 48 तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस पुन्हा तसाच देता येत नाही, 12.5 मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागतं.

हे नवं नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी साधारण 12 टक्के लोकांत ओसीडी (नकोसे विचार आणि त्यापायी तेच ते करत राहण्याचा आजार) दिसतो, आणि क्लोझापाइन घेणाऱ्या काहींत तो औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी पहिल्यांदा डोकं वर काढतो. हे औषध मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचे काही रिसेप्टर अडवतं, कारण त्यातच असावं असं मानतात.

पण आधी तो का धुतोय ते कळायला हवं. शांत वेळी, नळापासून दूर बसवून विचारा. "हात स्वच्छ आहेत हे कळतं, पण धुतल्याशिवाय चैन पडत नाही" म्हणाला तर ओसीडीकडे झुकतं. "शेजाऱ्यांनी हाताला विष लावलंय" असं ठामपणे सांगत असेल तर तो भ्रम. "धू म्हणून सांगतात" असं असेल तर आवाज अजून आहेत. तिन्हींचे उपचार वेगळे. त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा, डोसच्या तारखांसकट. येल-ब्राऊन स्केलवर (ओसीडीची तीव्रता मोजायची प्रश्नावली) 40 पैकी किती गुण येतात ते मोजायची विनंती करा, म्हणजे पुढे फरक कळेल.

संत्राबाग:
बिडीबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. बिडीच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम वाढतं आणि क्लोझापाइन लवकर निचरून जातं. हे काम धुराचं आहे, तंबाखूचं किंवा निकोटिनचं नाही. खर्ऱ्यात धूर नाही. म्हणजे बिडी सुटल्यावर त्याच 350 मिलिग्रॅमची रक्तातली पातळी दीडपट किंवा त्याहूनही वर गेलेली असू शकते. तुमच्याकडे संक्रांतीला बिडी सुटली आणि फेब्रुवारीत धुणं सुरू झालं. हा क्रम डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. लाळ जास्त गळते का, झोप आवरत नाही का, हातापायांना झटके येतात का तेही पाहा. पातळी तपासायची सोय असेल तर रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं, सकाळची गोळी असेल तर ती घेण्याआधी.

(बिडी परत सुरू करायची नाही! डोस कमी करणं हा त्यावरचा मार्ग.)

ओंजळ:
हे कोणीच सांगितलं नव्हतं. केमिस्ट म्हणाला ओसीडीसाठी फ्लुवॉक्सामिन चांगलं असतं. ते चालेल?

निंबोणी:
नाही! फ्लुवॉक्सामिन तेच एन्झाइम अडवतं. क्लोझापाइनची पातळी कैक पटींनी चढते आणि फिट येऊ शकते. क्लोमिप्रामिन या ओसीडीच्या दुसऱ्या औषधानेही फिटचा धोका वाढतो. डॉक्टरांपुढे साधारण हे पर्याय असतात: डोस हळूहळू उतरवणं, सोबत थोडं अॅरिपिप्राझोल देणं, किंवा सर्ट्रालिन. सर्ट्रालिनला गुण यायला 10 ते 12 आठवडे लागतात, पंधरा दिवसांत हात टेकू नका.

घरी तुम्ही करू शकता ते असं. गॅसचं उत्तर एकदाच द्या. पुन्हा विचारलं तर "मघाशी सांगितलं, आता पाच मिनिटं थांबू" म्हणा आणि खरंच सोबत थांबा. दर वेळी "हो, बंद आहे" म्हटलं की घटकाभर बरं वाटतं आणि सवय पक्की होते. पाच मिनिटं जमली की दहा. ओरडणं, नळ बंद करणं, साबण लपवणं टाळा. मात्र आवाज किंवा भ्रम जोरात असतील तर हा सराव सध्या नको. भेगांवर धुतल्यानंतर लगेच व्हॅसलीन लावा.

संत्राबाग:
एक उन्हाळ्यासाठी. ताप आला, घसा दुखला तर "ऊन लागलं" म्हणून कांद्यावर भागवू नका, क्लोझापाइनवर असताना त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासा. दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही तरी कळवा. मरणाचे विचार बोलून दाखवले तर ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

ओंजळ:
वही आजच काढली. पहिल्या पानावर बिडी सोडल्याची तारीख लिहिली आहे.