विडालची आइसवाइन घ्यावी की लेट हार्वेस्ट? मदत हवी आहे

मंडळी, आम्ही कॅनडात, मिसिसागात राहतो. सासरे पुढच्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतहून येताहेत. घरची थॉमसन द्राक्षांची बाग, त्यामुळे त्यांना नायगाराची गोड वाइन चाखायचीच आहे. आइसवाइनसाठी उणे ८ अंशांपर्यंत द्राक्षं वेलीवर ठेवून, गोठलेलीच तोडून पिळतात, हे त्यांना पटतच नाहीये. निफाडात पारा चारवर आला की लोक बागेत शेकोट्या पेटवतात!

विडाल हा युनी ब्लांक या द्राक्षापासून झालेला फ्रेंच संकरित द्राक्षवाण. साल जाड असल्याने थंडीत टिकतो, एवढं मला ठाऊक आहे. पण ३७५ मिलीची आइसवाइनची बाटली महाग पडते. त्याच द्राक्षाची लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन, बरीच स्वस्त मिळते. चवीत खरंच तेवढा फरक आहे का? की रिस्लिंग द्राक्षाची घ्यावी, आंबटपणा जास्त म्हणून?

मागे एकदा मी माती केली होती. बाटली गार न करताच उघडली, मोठ्या ग्लासात भरभरून ओतली, वर ताटात श्रीखंड. जर्दाळू-मधाचा वास छान होता, पण दोन घोटांनंतर काकवी प्यायल्यासारखं झालं. नंतर कळलं की फ्रीजमधून काढून लहान ग्लासात दोन-तीन घोटच द्यायचे असतात.

या वेळी सोबत काय ठेवू? निळं चीज सगळे सुचवतात, पण सासरे त्याला हातही लावणार नाहीत. खारे काजू, चिवडा असं कुणी करून पाहिलंय का? आणि उघडलेली बाटली फ्रीजमध्ये किती दिवस चांगली राहते?