मराठी अर्जाची मर्यादा कशी मोजायची? शब्द, अक्षरं की काना-मात्रा?

तूरवाला (आर्णी तालुका, यवतमाळ)

राजेहो, ऑनलाइन अर्जात मजकुराच्या चौकटीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'कमाल ५०० अक्षरे'. माझं मत सरळ आहे. मराठी अर्जाला मर्यादा घालायची तर ती शब्दांत घाला. अक्षरांतच घालायची असेल तर शाळेत मोजतो तशी अक्षरं मोजा.

मी गावात लोकांचे अर्ज भरून देतो. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द जवळपास प्रत्येक अर्जात येतो. शे-त-क-ऱ्यां-च्या, पाच अक्षरं. मशीन मोजते १३: श, मात्रा, त, क, ऱ, हलन्त (पाय मोडायची खूण), य, काना, अनुस्वार, च, हलन्त, य, काना. 'विदर्भ' आपल्याला तीन अक्षरी, मशीनला सहा. 'चंद्रपूर' चार अक्षरी, मशीनला आठ. म्हणजे ५०० म्हणून सांगतात आणि हाती येतात साठ-सत्तर शब्द.

माणूस घरून कागदावर लिहून आणतो. रानडुकरं कधी आली, तूर किती मोडली, रोह्यांचा (नीलगायींचा) कळप कोणत्या बांधावरून घुसतो, तलाठ्याला कधी कळवलं, सगळं क्रमाने. गट नंबर आपल्याकडे शेवटी लिहायची पद्धत आहे, आणि कापला जातो तो शेवटच. एका चौकटीत तर किती उरले तो आकडाही दिसत नव्हता. अर्ज गेला, पावती छापली, तर मजकुराचा शेवट 'गट क्' एवढाच. पाय मोडलेला क आणि पुढे कोरा कागद. कोणतं शेत, काहीच पत्ता नाही. नुकसानीची सूचना मुदतीत द्यावी लागते. अशा वेळी पुन्हा लिहा, पुन्हा कापा, हे कुणाला परवडतं?

निवृत्त मास्तर, दिग्रस

तुमची तळमळ कळते, पण मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे. मर्यादा कमी नाही, आपली अर्ज लिहिण्याची रीत लांबलचक आहे. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की' हे वाक्य तुमच्या मशीनच्या हिशोबाने मोजून पाहा. ६८ भरतात! ६८ खर्च झाले आणि अजून शेत नाही, पीक नाही, तारीख नाही. हे वाक्य आपल्याला कचेरीने शिकवलं आणि आपण ते पिढ्यान्पिढ्या गिरवत बसलो.

मोठ्या अभंगाच्या एका चौकात, म्हणजे चार चरणांच्या कडव्यात, सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीसच अक्षरं असतात. तेवढ्यात आपल्या संतांनी काय काय सांगितलं ते पाहा. गट नंबर पहिल्या ओळीत लिहा, मग नुकसान, मग मागणी. साठ-सत्तर शब्दांत न मावणारा पीक नुकसानीचा अर्ज मला दाखवा.

तूरवाला

गुरुजी, अभंगाची गोष्ट तुम्हीच काढली म्हणून विचारतो. त्यात जोडाक्षर एक धरतात ना? काना-मात्रा वेगळ्या मोजत नाहीत ना? मशीनच्या हिशोबाने बावीस धरले असते तर पहिले दोन चरणही पुरे झाले नसते.

पुसदकर, सध्या पुण्यात

मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. दोन्ही बाजूंना थोडं न पटणारं लिहितो.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे. व्यंजनाला वेगळा, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांनाही वेगवेगळा. साधी मोजणी हे क्रमांक मोजते. पण त्यामुळे इंग्रजीच्या तुलनेत आपल्यावर अन्याय होतो हे बरोबर नाही, कारण इंग्रजीतही स्वर वेगळे मोजले जातातच. 'अवकाळी पावसामुळे पिकाचे नुकसान' हे जागा धरून ३० होतं. हेच इंग्रजीत 'क्रॉप लॉस ड्यू टू अनसीझनल रेन' असं रोमन लिपीत लिहिलं तर ३२. मराठी दोनने कमीच भरली.

खरा घोटाळा दुसरीकडे आहे. काही ठिकाणी मर्यादा चिन्हांची नसून बाइटची, म्हणजे संगणकात मजकूर किती जागा घेतो त्याची असते, आणि हे अर्ज भरणाऱ्याला कुणी सांगत नाही. यूटीएफ-८ या रोजच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ५०० बाइटच्या चौकटीत इंग्रजीची ५०० अक्षरं बसतात आणि मराठीची १६६ चिन्हं. इथे मात्र मी तूरवाल्या भाऊंच्या बाजूने उभा आहे, हा सरळसरळ भेदभाव आहे.

दुसरं, एकच मजकूर दोन फोनवर वेगळा भरतो तो का, तेही सांगतो. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत मध्ये डोळ्याला न दिसणारं एक चिन्ह बसतं आणि मोजणीत एक वाढतो. शेतकऱ्यांच्या अर्जात 'ऱ्य' किती वेळा येतो ते वेगळं सांगायला नको.

आणि शाळेसारखी अक्षरं मोजणं मशीनला अशक्य नाही. दिसणारं अक्षर एक धरून मोजायचे नियम युनिकोडने ठरवून दिलेले आहेत. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत 'क्ष'सारखं देवनागरी जोडाक्षर एक धरायची सोयही झाली. मनात आणलं तर करता येतं.

बचत गटाची सचिव, घाटंजी तालुका

दादा, अर्जाचं तुम्ही बोललात, मी मेसेजचं बोलते, कारण त्यात आमचे पैसे जातात. इंग्रजी मेसेजला १६० मिळतात, मराठीला ७०. सगळा मेसेज इंग्रजी अक्षरांत असून त्यात एकच शब्द मराठीत घातला तरी सगळ्यालाच ७० लागू होतात.

हा मेसेज पाहा: 'ग्रामसभा शुक्रवारी सकाळी ११ वाजता, समाजमंदिरात. सर्वांनी हजर राहावे.' मोजला तर ६८. बसला. आता त्यात 'विषय पाणी.' एवढंच घातलं की ७९ होतात आणि दोन मेसेजचा पैसा लागतो. ग्रामसभेला बायांनी यावं म्हणून विषय सांगणं तर सगळ्यात गरजेचं! गुरुजी, इथे कोणतं वाक्य लांबलचक आहे ते सांगा. मी तर एक काना सुद्धा जास्तीचा घातलेला नाही.

पुसदकर

ताई, याचं कारण असं की एका एसएमएसला मुळात १४० बाइटची जागा असते. एका बाइटचे आठ बिट. इंग्रजी अक्षरं सात-सात बिटांत दाबून बसवली की १६० मावतात. देवनागरीच्या चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून ७०. त्यात मेसेज लांबून दोन झाले की प्रत्येकातले थोडे बाइट जोडणीच्या खुणेसाठी जातात, मग एकेका भागात ६७ च उरतात. ही मर्यादा तुमच्या-आमच्या हातची नाही.

कास्तकार भाऊ, अकोट

मी तं म्हणतो एवढा आटापिटा कायले? आमच्याकडं सारेच इंग्रजी अक्षरात मराठी लिहून राह्यले. जिनिंगवाले तसंच पाठोतात, खताचा दुकानदार तसंच पाठोते. १६० भेटतात नं? मंग घ्या. अन् ज्याले जास्त सांगाचं हाये त्यानं बोलून रेकॉर्ड करावं अन् व्हॉट्सॲपवर टाकून द्यावं. भाषा मोजत कायले बसता?

बचत गटाची सचिव

भाऊ, तुमच्याकडे सारे वाचतात, आमच्या गटात नाही वाचत. चौथी शिकलेल्या काकू मराठी मेसेज बोट ठेवून, सावकाश का होईना, स्वतः वाचतात. इंग्रजी अक्षरांतला आला की नातवाला हाक मारतात, आणि नातू शाळेत असतो. व्हॉट्सॲपचं म्हणाल तर निम्म्या बायांकडे साधा बटनांचा फोन आहे. आम्ही गटात ठराव करून ठेवलाय, दुप्पट पैसे गेले तरी मेसेज मराठीतच जाणार. तुम्ही पैसे वाचवा, आम्ही वाचणाऱ्या बाया वाचवतो.

माहिती अधिकारवाला, वणी

शब्दमर्यादेच्या बाजूने एक मोठा आधार देतो. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ पासून अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच हवा. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत ५०० शब्द आहेत, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळता येणार नाही असं तिथेच म्हटलंय. म्हणजे नियम करणाऱ्यांना शब्दांचीच भाषा कळते.

१५० ऐकून मी पहिल्यांदा चिडलो होतो. पण मराठी शब्द पुष्कळ ओझं उचलतो. 'ग्रामपंचायतीच्या दप्तरातल्या नोंदवहीतल्या' हे तीन शब्द आहेत. प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्याला वेगळी मोजणी नाही. इंग्रजीत याच मजकुराला 'ऑफ', 'इन', 'द' असे सुटे शब्द किती लागतील ते पाहा. शब्दांनी मोजलं की मराठी माणूस फायद्यात राहतो, चिन्हांनी मोजलं की तोच जोडशब्द महाग पडतो. म्हणून तूरवाल्यांची मागणी रास्त आहे.

निवृत्त मास्तर, दिग्रस

शब्दांची मोजणी मला भरवशाची वाटत नाही. मशीनला शब्द म्हणजे दोन मोकळ्या जागांमधला मजकूर. आमच्या मुलांच्या वह्यांत 'घरा समोर' असं तोडून लिहिलेलं मी आयुष्यभर लाल शाईने जोडत आलो. उद्या शब्दांची मर्यादा आली की लोक उलटं करतील, 'दिनांक१२जूनरोजी' असं सगळं चिकटवतील. शुद्धलेखनाचं वाटोळं होईल. शुद्ध लिहिणाऱ्याचे शब्द जास्त भरतील आणि अशुद्ध लिहिणारा सुटेल, हे मला पटत नाही.

ताईंच्या मेसेजपुढे मात्र माझं काही चालत नाही. त्यात काटछाट करण्यासारखं खरंच काही नाही.

तूरवाला

गुरुजी, चिकटवण्याचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून मी मागणी नेमकी करतो. पुसदकर भाऊंनी सांगितलं तसं दिसणारं अक्षर एक धरून मोजा. मग तोडून लिहा नाहीतर चिकटवून लिहा, फरक पडतो तो एखाद्या जागेचा. आकडा ५०० च ठेवा, मी वाढवून मागत नाही. मोजणी बाइटची असेल तर तसं मराठीत स्पष्ट छापा आणि मराठीसाठी तिप्पट जागा द्या. टाइप करताना किती उरले ते समोर दिसू द्या. मर्यादा संपली तर चौकटीने पुढचं घेणं थांबवावं, अर्ज घेतल्यावर गुपचूप कापू नये. आणि कापायची वेळ आलीच तर निदान अक्षराच्या मधून कापू नका.

गट नंबर, गाव, तालुका आणि नुकसानीची तारीख यांना वेगळे रकाने द्या. मजकूर कितीही कापला गेला तरी शेत सापडलं पाहिजे.

पुसदकर

वेगळे रकाने ही मागणी सगळ्यात आधी लावून धरा. चौकट बनवणाऱ्याला ती लगेच जमते, अक्षरमोजणी बदलण्यापेक्षा किती तरी सोपी आहे.

निवृत्त मास्तर, दिग्रस

रकान्यांना माझा पाठिंबा. अक्षरं शाळेसारखी मोजायलाही हरकत नाही. पण ५०० च्या वर एकही वाढवू नका, वाढवलं की 'उपरोक्त विषयास अनुसरून' परत येईल. गावातल्या पोरांना अर्ज लिहायला मी रविवारी शिकवायला तयार आहे. आपापला कागद घेऊन या.