भीक कसली, कर्ज आहे ते! (पोकरा, जागतिक बँक वगैरे)

कोरडवाहू_जालना:
परवा एका साहेबांनी लिहिलं की हवामान बदलाच्या नावाने बाहेरून येणारा पैसा म्हणजे भीक आहे, गोऱ्यांनी दीडशे वर्षं धूर सोडला आणि आता चार दमड्या फेकतायत, स्वाभिमानी देशाने त्या तोंडावर परत माराव्यात. खाली टाळ्याच टाळ्या. डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

अहो, भीक कधी व्याजासकट परत द्यावी लागते का? आपला पोकराच घ्या, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी, राज्याचा हवामान अनुकूल शेतीचा प्रकल्प. ४,००० कोटींच्या आसपासचा प्रकल्प, त्यात ७० टक्के जागतिक बँकेचे, ४२ कोटी डॉलर, ३० टक्के राज्याचे. आणि ते ४२ कोटी हे कर्ज आहे, २०१८ ला मंजूर झालेलं. फेडणार कोण? तुम्ही आम्हीच, काडेपेटीपासून ट्रॅक्टरच्या टायरपर्यंत टॅक्स भरून. मग नाक मुरडायचं कारण नाही आणि पाया पडायचंही कारण नाही. हिशोब मागा की, परत काय मारताय.

माझं सांगतो. २०१३ च्या उन्हाळ्यात मोसंबी वाळली, वडलांनी लावलेली २१० झाडं. कुऱ्हाड मी चालवली, वडील त्या दिवशी मुद्दाम बाजारला गेले. पोकरात ठिबक झालं, शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर झालं, पाच एकराच्या आत म्हणून ७५ टक्के अनुदान, तेही थेट खात्यात. आज परत बाग उभी आहे. हिला भीक म्हणणाऱ्याने एकदा बांधावर यावं.

ठाणे_वेस्ट:
ते साहेब मीच. बाग उभी राहिली, आनंद आहे, पण एका ठिबकच्या नळीसाठी मुद्दा सोडायचा का? २००९ ला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी कबूल केलं, २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. आकडा गाठला २०२२ ला, आणि त्यातही मोठा हिस्सा कर्जाचाच. २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत गरीब देशांनी मागितले वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर, हातावर ठेवलं काय तर २०३५ पर्यंत ३०० अब्ज. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथेच सुनावलं की हा निव्वळ दृष्टिभ्रम आहे. ज्याने गंजी पेटवली त्यानेच बादली व्याजाने द्यायची, आणि तुम्ही म्हणता हिशोब मागा!

खाडीकाठचा:
मध्येच बोलतो. सगळंच कर्ज नसतं हो. आमच्या सिंधुदुर्गात, तसंच आंध्र आणि ओडिशात, किनाऱ्यासाठी ग्रीन क्लायमेट फंडाचे, म्हणजे हवामान बदलासाठीच्या जागतिक निधीचे, ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर झाले ते चक्क अनुदान. कांदळवन, कालवं (शिंपले), खेकडापालन. आता आमच्या गटाचं विचाराल तर निम्मे खेकडे उरलेल्या निम्म्यांनी खाल्ले, ती जातच तशी. पण फेडीचा हप्ता काही कुणी मागायला आला नाही.

ठाणे_वेस्ट:
खेकड्यांचं उदाहरण या धाग्याला फारच चपखल.

पाणलोटवाला:
कोरडवाहूराव, कर्ज की भीक ते तुमचं चालू द्या. मला एवढंच सांगा, तुमचं तळं भरतं कशाने? पावसाने की विहिरीवरच्या मोटारीने?

कोरडवाहू_जालना:
दोन्हीने. लपवायचं काय त्यात.

पाणलोटवाला:
झालं मग! हेच ऐकायचं होतं. मी पंधरा वर्षं चर खोदून घेतले, बांध घातले, त्यात पाठीची चकती सरकली, आणि आता जिकडे जावं तिकडे निळं-काळं प्लास्टिक. अहो अस्तर घातलं की ते पाणी मुरवायचं साधन राहत नाही, ती उघडी टाकी होते. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं एक तळं म्हणजे २१-२२ लाख लिटर. जमिनीखाली सावलीत पडून असलेलं सगळ्या शिवाराचं पाणी उपसायचं, उन्हात मांडून ठेवायचं, मे महिन्यात त्याची वाफ होऊ द्यायची आणि उरेल ते माझं एकट्याचं. भूजलाचा सातबारा स्वतःच्या नावावर करून घेणं झालं हे. आणि याला म्हणायचं हवामान अनुकूल शेती.

कोरडवाहू_जालना:
वा, म्हणजे चोर मीच. साहेब, मी नाही उपसलं तर वरच्या अंगाचा बोअरवाला उपसणार, त्याचे तीन बोअर आहेत, एक तर पार सहाशे फुटांवर. मी काय करू, माळ घालून झाडाखाली बसू? तुमच्या चरांचं पुण्य मोठं आहे, पण २०१३ ला आमच्या शिवारातले चर पण कोरडेच होते, त्यात कुत्री झोपायची.

पाणलोटवाला:
कुत्र्यांपर्यंत आलात, म्हणजे मुद्दा संपलेला दिसतो.

कोरडवाहू_जालना:
सातबाऱ्यापर्यंत आधी कोण आलं?

परतूरची_सून:
भांडण वाचत होते, राहवलं नाही. आमच्या वरच्या अंगाला एकामागून एक सहा तळी झाली. आमची विहीर शिमग्यापर्यंत चालायची ती आता संक्रांतीलाच तळ दाखवते. सासरे रोज सकाळी काठावर जाऊन खडा टाकतात, आवाज ऐकतात आणि घरी येऊन काही न बोलता चहा पितात. आम्हाला जागतिक बँक काय आणि बाकू काय. आणि त्या तळ्यांना धड कुंपण नाही, मागच्या साली चुलत दिरांचं वासरू पडलं, प्लास्टिकवर खूर टिकत नाही, रात्रभर पोहून पोहून सकाळी गेलं. तिथे माणसाचं लेकरू असतं तर?

कोरडवाहू_जालना:
ताई, यावर काय बोलणार. कुंपण मी पण दोन वर्षं केलं नव्हतं, पोरगं चालायला लागलं तेव्हा केलं. खोटं कशाला बोलू.

ठाणे_वेस्ट:
म्हणजे सारांश असा की बाहेरून कर्ज काढून आपण शेजाऱ्याची विहीर आटवली. मी तर फक्त भीक म्हणालो होतो!

पाणलोटवाला:
तुम्ही जरा थांबा, मी तुमच्या बाजूने बोलत नाहीये. शेततळ्याचं खूळ बँकेने आणलेलं नाही. ‘मागेल त्याला शेततळे’ २०१६ ची, आपल्या राज्याचीच योजना. उलट पोकराच्या निमित्ताने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम झालं, आयआयटी मुंबईने त्यासाठी ॲप बनवून दिलं. पाऊस किती, मुरलं किती, पिकाला लागतं किती, सगळं गणित. कागद चांगला आहे, मी स्वतः वाचलाय. पण ग्रामसभेत उभं राहून तो कुणी वाचून दाखवला? बाहेरचा पैसा आला की अनुदान खात्यात पडतं आणि ताळेबंद फाइलला पडतो.

कोरडवाहू_जालना:
हे मात्र खरंय. आमच्याकडे ताळेबंदाचा बोर्ड रंगवलाय शाळेच्या भिंतीवर, पोरं त्यावर बॉल मारतात. गावच्या पोकरा समितीवर मीही होतो, सह्या केल्या, आकडे कुणी विचारले नाहीत, मीही नाही. सगळ्यांची नजर ठिबकच्या कोटेशनवर. ते कोटेशन तरी सरळ असावं, दुकानदाराने अनुदान आहे म्हटल्यावर भावच वाढवून सांगितला, म्हणे तुमचं काय जातंय, सरकारचं जातंय. जातंय कुणाचं ते वर लिहिलंच आहे.

ठाणे_वेस्ट:
बरं, ‘भीक’ शब्द मागे घेतो. ‘सावकारी’ लिहितो. आता समाधान?

कोरडवाहू_जालना:
आमच्या गावच्या सावकाराचा दर ऐकला तर हा शब्दही मागे घ्याल. तुमचं कोपनहेगनचं पटतं हो, त्यांनी शब्द पाळला नाही, भांडा त्यांच्याशी, जरूर भांडा. फक्त ते भांडण मिटेपर्यंत माझ्या झाडांना थांबायला सांगू नका.

पाणलोटवाला:
झाडांना कोण थांबवतंय. पोकराचा टप्पा दोन मंजूर झालाय ना, २१ जिल्हे, ७,२०१ गावं. तेव्हा प्रत्येक तळ्याआधी खालच्या अंगाच्या विहिरी मोजा म्हणावं, मग मी तुमच्या मोसंबीचा रस प्यायला येतो. तोवर एक काम करा. मे महिन्यात तुमच्या विहिरीत दोर सोडा, किती फुटांवर पाणी लागतं ते इथे टाका.

कोरडवाहू_जालना:
टाकतो. वरच्या बोअरवाल्याचंही कुणीतरी मोजा.

परतूरची_सून:
आमचं आजच सांगते, खडा वाजला.