लाइनमनची कारकीर्द आणि १०,३६३ हा आकडा
अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन म्हणजे समोरच्या खेळाडूंना अडवणारा गडी; त्याच्या नावावर ना यार्ड (चेंडू पुढे नेलेलं अंतर) लागतात ना टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण), मग त्याची कारकीर्द मोजायची कशी, असं म्हणतात आणि ते बरंचसं पटतं. पण एक आकडा इथे यायलाच हवा: १०,३६३. क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचा डावा टॅकल (डाव्या टोकाकडचा लाइनमन) जो थॉमस सलग तेवढे स्नॅप, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव, खेळला. २००७ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हापासून ऑक्टोबर २०१७ मध्ये टेनेसी संघाविरुद्ध दंडाचा ट्रायसेप्स स्नायू फाटेपर्यंत त्याने एकही स्नॅप सोडला नाही. दर स्नॅपला समोरून सव्वाशे किलोचा गडी अंगावर येतो, हे लक्षात घ्या.

आणि संघ कसला, तर त्याच्या काळात एकदाही प्लेऑफ (हंगामाअखेरची बाद फेरी) न गाठलेला! शेवटच्या हंगामात तर १६ पैकी १६ सामने हरलेला. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे, चाल रचणारे खेळाडू) सतत बदलत राहिले, त्यांची डावी बाजू राखणारा मात्र तोच. माझ्या मते इतकी निष्ठा क्वचितच दिसते. २०२३ मध्ये, पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी, तो हॉल ऑफ फेममध्ये (या खेळातल्या थोर खेळाडूंच्या सन्मान यादीत) गेला. निवृत्तीनंतर त्याने २० किलोंहून जास्त वजन उतरवलं. खेळताना ते टिकवायला भूक नसतानाही खावं लागायचं.