गृहकर्ज आधी की एसआयपी आधी? घर चालवणाऱ्यांनी बोलावं

वहीखाते
सध्या जो तो एकच सल्ला देतोय: "होम लोन म्हणजे सगळ्यात स्वस्त कर्ज. फेडायची घाई कशाला? वरचे पैसे एसआयपीत, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम म्युच्युअल फंडात, टाक." मला हा सल्ला पटत नाही. पोरं शाळेत, आईवडील औषधांवर आणि पगाराशिवाय दुसरा आधार नाही, अशा घराने हाती उरेल तो रुपया आधी कर्जात घालावा.

हिशेब मांडतो. ३० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता २६,०३५. पहिल्या महिन्याचा उतारा बघा: २१,२५० व्याज आणि ४,७८५ मुद्दल. म्हणजे महिनाभर राबून बँकेचं कर्ज पाच हजारानेसुद्धा हललं नाही. वीस वर्षांत ३० लाखांचे साडेबासष्ट लाख होतात. याच हप्त्यावर महिन्याला ५,००० जास्त भरले तर कर्ज १३ वर्षं ८ महिन्यांत संपतं आणि व्याजाचे ११ लाख ७० हजारांच्या आसपास वाचतात. बाजार वर जावो की खाली, या आकड्याला काही होत नाही.

आमच्या घरात दोघांचे मिळून ७८ हजार येतात. सगळं जाऊन, त्या महिन्यात कुणाचं लग्न-बारसं नसेल तर, सात-आठ हजार उरतात. ते कुठे घालायचे यावर घरातही एकमत नाही, म्हणून इथे विचारतोय. विरोधात असाल तर आकड्यांनिशी बोला.

चक्रवाढ
आकड्यांनिशीच बोलतो. तेच ५,००० वीस वर्षं एसआयपीत टाका. १२ टक्क्यांनी जवळपास ५० लाख होतात. आता तुमची वाट धरू: १३ वर्षं ८ महिन्यांत कर्ज संपलं, मग उरलेली सहा वर्षं चार महिने अख्खे ३१,०३५ दरमहा गुंतवले. १२ टक्क्यांनीच मोजले तरी ३६ लाखांच्या पुढे जात नाही. चौदा लाखांचा फरक आहे. सुखाने झोप लागावी म्हणून एवढी किंमत मोजायची असेल तर मोजा, पण तिला शहाणपण म्हणू नका.

दुसरं, बँकेत भरलेला जादा पैसा परत येत नाही. उद्या नोकरी गेली तर "गेल्या वर्षी तीन लाख जास्तीचे भरलेत, त्यातून पुढचे हप्ते वळते करून घ्या" असं बँकेला सांगता येतं का? पुढच्या पाच तारखेला हप्ता ठरल्याप्रमाणे जाणारच. म्युच्युअल फंडातले पैसे मात्र दोन-तीन दिवसांत खात्यावर येतात.

वहीखाते
@चक्रवाढ, हे १२ टक्के तुम्हाला कुणी लिहून दिलेत? ९ धरा. तुमचे होतात साडेतेहतीस लाखांच्या आसपास, माझे ३२. आता कर वजा करा. जुलै २०२४ पासून शेअरमधल्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के द्यावे लागतात. सगळे एकदम काढले तर तुमचा नफा साडेएकवीस लाख, माझा साडेआठ लाखही नाही. कर जाऊन दोघांच्या हातात ३१ लाखांच्या आगेमागे येतात. म्हणजे बाजाराने ९ दिले तर बरोबरी, त्याहून कमी दिले तर मी पुढे. आणि वीस वर्षांत एकदाही एसआयपी न थांबवणारा माणूस मला ओळखीत दाखवा. मार्च २०२० मध्ये किती जणांनी थांबवली ते आमच्या ऑफिसात बघितलंय.

चक्रवाढ
वीस वर्षांच्या मुदतीला ९ धरणं म्हणजे मुद्दाम वाईट चित्र रंगवणं. शिवाय गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वर्षाला दोन लाखांपर्यंतची वजावट आहे. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला ८.५ चं कर्ज सहा-साडेसहालाच पडतं. ही बाजू सोयीस्कर विसरलात.

रिटर्न_भरणारा
मध्येच तोंड घालतो. ती वजावट जुन्या करपद्धतीत आहे. नव्या पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला काही मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून काही न निवडता पुढे गेलात तर नवीच लागू होते. त्यात २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही, पगारदाराला पाऊण लाखाची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरापर्यंत. दोघांचे मिळून ७८ हजार आणणाऱ्या घरात एकाचाही पगार तिथवर जात नाही. ज्याला करच नाही त्याला सवलत कसली? त्यांना ८.५ चं कर्ज ८.५ लाच पडतं. चक्रवाढ साहेबांचं गणित वरच्या पगाराच्या माणसासाठी बरोबर आहे, या घरासाठी नाही.

सातारी_मास्तर
तुम्ही सगळे गृहकर्जावरच अडकलात. आमच्याकडे माणूस बुडतो तो पतसंस्थेच्या कर्जात. पगारदारांची संस्था, व्याज १०-११ टक्के, कपात थेट पगारातून. त्यामुळे कर्ज जाणवतच नाही. निम्मं फिटलं की जुनं-नवं करायचं, म्हणजे नवं मोठं कर्ज काढून जुनं फेडायचं, फरक हातात घ्यायचा: पोरीचं ॲडमिशन, घराचा स्लॅब, गाडी. वीस-वीस वर्षं नोकरी झालेल्यांच्या पगारपत्रकावर अजून संस्थेची कपात दिसते. लाभांश मिळाला की खूष, पण तो आपल्याच व्याजातून आलाय हे कोण बघतो?

आणि कुणाच्याच बजेटमध्ये नसलेला एक खर्च सांगतो. जामीन. सहकाऱ्याच्या कर्जाला सही केली, त्याचे हप्ते थकले, की कपात तुमच्या पगारातून. सहकार कायद्याच्या कलम ४९ ने संस्थेला तसा अधिकार आहे आणि करारावर आपलीच सही असते. वहीखाते, तुम्ही कुणाला जामीन आहात का? असाल तर त्या सात-आठ हजारांतले काही तुमचे नाहीत असंच धरा.

वहीखाते
नाही मास्तर, जामीन कुणालाच नाही. सख्ख्या मेव्हण्याला नाही म्हटलंय, अजून बोलत नाही तो.

महिनाअखेर
वाचून हसू आलं. दोघे वीस वर्षांनंतरचे पन्नास लाख मोजताय, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत २२ तारखेला क्रेडिट कार्ड बाहेर निघतं.

वहीखाते दादा, तुमचे सात-आठ हजार "उरतात" असं तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही महिन्याचा हिशेब करता. घर वर्षाचं असतं. जूनमध्ये फी, वह्यापुस्तकं, गणवेश, रेनकोट, बसचे आगाऊ पैसे. मग गणपतीला गावी जाणं. दिवाळी. मेडिक्लेमचा वर्षाचा हप्ता, गाडीचा विमा, सोसायटीने मध्येच काढलेली रंगकामाची वर्गणी. यातलं काहीच अचानक येत नाही, दरवर्षी येतं, तरी दरवर्षी आपण दचकतो. आमच्याकडे हे सगळं बेरीज करून बाराने भागलं तर महिन्याला नऊ हजारांच्या वर जातं. तेवढ्याची आरडी (बँकेतली दरमहा ठेव) पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जाते. ती नव्हती तेव्हा आमचेही दर महिन्याला "उरायचे".

आता कार्डाचं. ८० हजार थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. २,८०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४. झाले ३,३०४. बिलावर किमान देय रक्कम पाच टक्क्यांनी ४,००० आली, ती तुम्ही इमानदारीत भरलीत. मुद्दल किती कमी झालं? ६९६ रुपये! त्यात थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. वर्षाचे ४२ टक्के झाले हे, आणि ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा निकालही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

म्हणजे मे महिन्यात होम लोनमध्ये ५० हजार भरून साडेआठ टक्के वाचवायचे, आणि जूनमध्ये फी कार्डाने भरून बेचाळीस टक्के द्यायचे. असं करणारी घरं मला माहीत आहेत. नवरे फार अभिमानाने सांगतात पार्ट पेमेंट केल्याचं.

ज्यांचं कार्ड आत्ता थकलंय त्यांनी सरळ दागिना बँकेत ठेवावा. सोन्यावरचं कर्ज ९-१० टक्क्यांना मिळतं. ८० हजारांवर महिन्याला २,८०० च्या जागी सहाशे-पावणेसातशे व्याज. कपाटात पडलेल्या पाटल्यांनी एवढं काम करायला काय हरकत आहे?

सातारी_मास्तर
ताई, बाकी सगळं मान्य, सोन्याचं नाही. गहाण ठेवलेला दागिना सोडवून आणणारे थोडे. वर्षाच्या शेवटी व्याज भरायचं आणि नूतनीकरण करायचं, असं चार-चार वर्षं चालतं. मग एखाद्या वर्षी व्याजही भरता येत नाही, लिलावाची नोटीस येते. आणि कार्ड रिकामं झालं की ते पुन्हा भरतंच. आता दोन कर्जं.

महिनाअखेर
मास्तर, सवय सुटली नाही तर कुठलाच उपाय चालणार नाही, सोन्याला दोष कशाला? आमच्याकडे अट घातली होती: कार्ड कात्रीने कापायचं, आणि कार्डाला भरत होतो तेवढेच चार हजार सोन्याच्या कर्जात भरायचे. दोन वर्षं व्हायच्या आत पाटल्या हातात. सासूबाई तेवढे दिवस बोलल्या, ते ऐकून घेतलं.

निवृत्त_कॅशियर
वाद चालू द्या, काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना तो बंद करायला लावला. कुणी मागितला तर लेखी मागा. जादा रक्कम भरताना "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असा अर्ज द्या आणि पोच घ्या. काही ठिकाणी न सांगता हप्ता कमी करून टाकतात, मग वहीखाते यांचे ११ लाख काही वाचत नाहीत.

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला तेव्हा बहुतेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत वाढली. २० वर्षांचं कर्ज पुढे कितीतरी वर्षं लांबलं आणि घरात पत्ता नाही. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारणं बंधनकारक आहे. पुढे २०२५ मध्ये दर उतरत डिसेंबरात ५.२५ वर आला. तुमचा व्याजदर त्याप्रमाणे उतरला का ते बघा. ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं कर्ज जुन्या पद्धतीच्या दराला बांधलेलं असेल तर थोडी फी भरून बदलून घेता येतं. वहीखाते, तुमचे ८.५ टक्के आज मला जास्त वाटतात. जादा पाच हजार भरण्याआधी हे काम करा.

चक्रवाढ यांच्या अडकलेल्या पैशाच्या मुद्द्याला उत्तर आहे. काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देतात. जादा पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि लागले तर काढता येतात. दर किंचित जास्त असतो.

आणि कर्ज संपलं की मूळ कागदपत्रं ३० दिवसांत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचा किंवा सातबाऱ्यावरचा बोजा मात्र आपणच मागे लागून काढून घ्यायचा.

चक्रवाढ
ओव्हरड्राफ्टचं मान्य. पण तिथे हात लावायचा नाही हा संयम ज्याच्याकडे आहे, तो एसआयपीही थांबवणार नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे.

वहीखाते
मीही. कॅशियर काका, दराचं उद्याच विचारतो.

नवा_सभासद
सगळ्यांना एकच प्रश्न. कार्डावर ३५ हजार, पतसंस्थेचं १ लाख १० हजार, गृहकर्ज २२ लाख. दिवाळीला ६० हजार बोनस आहे. काय करू?

चक्रवाढ
कार्ड पूर्ण. उरलेले २५ हजार लिक्विड फंडात, म्हणजे लागले की लगेच काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात. पतसंस्थेला हप्त्याने जाऊ दे.

सातारी_मास्तर
कार्ड पूर्ण, बाकी संस्थेला. आणि जुनं-नवं करू नका म्हणजे झालं.

महिनाअखेर
कार्ड आज. उरलेल्या पंचविसाचं कुणाचंही ऐकू नका. आधी सांगा, पोरांची फी एप्रिलला भरता की जूनला, आणि त्यासाठी आत्ता बाजूला किती आहेत?